पहिल्या तासाची झोप

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी वर्गात शिरलं की आधी ट्यूबलाइट लावायची, मग हजेरी. जानेवारीत खिडकीबाहेर अजून उजाडलेलं नसायचं. नववीचा वर्ग, बीजगणिताचा तास. फळ्यावर वर्गसमीकरण लिहून मागे वळलं की दृश्य ठरलेलं. तिसऱ्या बाकावरचा कोपर टेकवून गालाला हात लावून बसलेला. डोळे उघडे, पण नजर कुठेच नाही. खिडकीजवळची मुलगी लिहिता लिहिता थांबलेली, पेन अजून कागदावर टेकलेलंच. वह्या तपासायला घरी आणल्या की तिच्या वहीत ती जागा नेमकी सापडायची. ‘क्ष’ची शेपटी ओळ सोडून खाली घसरत समासाच्या पार गेलेली. खाली दोन ओळी कोऱ्या, आणि मग थेट उत्तर, शेजारणीच्या वहीतून उतरवलेलं.

मी ‘तोंड धुऊन ये’ म्हणायचो. फारच झालं तर बाकावर उभं करायचो. उभ्याउभ्या पेंगणारी मुलंही मी पाहिली आहेत. गुडघा वाकतो, दचकून सरळ होतात, वर्ग हसतो. बारा वाजता शाळा सुटताना हीच मुलं जिन्यावरून धडधडत उतरायची आणि मला वाटायचं, बघा, आता कशी तरतरी आली! आळस, दुसरं काय. रात्री उशिरापर्यंत टीव्ही, नंतरच्या वर्षांत मोबाइल. पालकसभेत मी हे ठासून सांगायचो आणि पालक माना डोलवायचे, कारण त्यांचंही तेच मत होतं.

नोकरी संपल्यावर वाचायला वेळ मिळाला आणि झोपेवरचं बरंच काही हाती लागलं. माझ्या निदानातलं निम्मं तरी चुकीचं होतं.

आपल्या प्रत्येकाच्या मेंदूत एक घड्याळ आहे. डोळ्यांकडून येणाऱ्या दोन नसा मेंदूच्या तळाशी जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या जरा वर हजारो पेशींचा एक बारीकसा पुंजका असतो, तेच हे घड्याळ. ते साधारण चोवीस तासांचं आहे, पण अगदी बरोबर चोवीसचं नाही, किंचित जास्तीचं. म्हणून त्याला रोज उजेडाने जुळवून घ्यावं लागतं, जसं जुन्या भिंतीवरच्या घड्याळाला आठवड्यातून एकदा रेडिओच्या टोल्यांवर लावायचो तसं. अंधार पडला की हे घड्याळ मेंदूतल्या एका ग्रंथीला मेलाटोनिन सोडायची परवानगी देतं. मेलाटोनिन म्हणजे गुंगीचं औषध नव्हे. ‘आता रात्र झाली’ अशी शरीरभर पिटलेली दवंडी म्हणा.

घड्याळाच्या जोडीला दुसरं एक यंत्र चालतं. जागं राहू तितका मेंदूत झोपेचा दाब साठत जातो आणि झोपलं की उतरतो. झोप लागायला ही दोन्ही एका वेळी जुळून यावी लागतात, अशी मांडणी स्वित्झर्लंडमधले संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये केली आणि झोपेचा अभ्यास आजही बराचसा तिच्याच आधाराने चालतो.

वयात येताना दोन्ही यंत्रं एकदम बदलतात, आणि गोम इथेच आहे. मेलाटोनिनची दवंडी दीड-दोन तास उशिरा पिटली जाऊ लागते. शिवाय झोपेचा दाबही लहानपणापेक्षा सावकाश साठतो. सात वर्षांचं पोर रात्री साडेआठला जेवता जेवता ताटात मान टाकतं, ते त्या दाबाला बळी पडून. तेच पोर चौदाव्या वर्षी साडेदहाला टक्क जागं असतं. त्याला अंथरुणावर ढकललं तरी ते छताकडे बघत पडतं. हा संस्कारांचा दोष नाही; वयात येणाऱ्या माकडांत आणि उंदीरवर्गातल्या काही प्राण्यांतही असा उशीर दिसला आहे, आणि त्यांच्याकडे मोबाइल नसतो.

मग मोठ्या मुलांना झोपच कमी लागत असेल, असं कोणालाही वाटेल. मेरी कार्सकॅडन यांनाही तसंच वाटलं होतं. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात १९७६ पासून त्यांनी काही वर्षं उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांसाठी झोपेचं शिबिर भरवलं. तीच मुलं दर वर्षी येत, दिवसा खेळत, रात्री डोक्याला तारा लावून झोपत. अंथरुणात दहा तास मिळत. वय वाढेल तशी झोप आपोआप घटत जाईल, असा अंदाज होता. तो साफ फसला. बारीक पोरं काय किंवा मिसरूड फुटलेली काय, सगळी सव्वानऊ तासांच्या आसपासच झोपत राहिली. उलट मोठी झालेली मुलं तेवढीच झोप घेऊनही दुपारी आधीपेक्षा जास्त पेंगुळलेली आढळली.

म्हणजे गरज तेवढीच राहते, फक्त सुरुवात पुढे सरकते. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये तेरा ते अठरा वयासाठी आठ ते दहा तास झोप सांगितली, सहा ते बारा वयासाठी नऊ ते बारा. आता माझ्या वर्गातल्या मुलाचा हिशेब मांडू. गणिताच्या मास्तरला राहवत नाही. पहिला तास सात-दहाला. व्हॅनवाले काका सहा-पंचवीसला खाली हॉर्न देणार. आंघोळ, गणवेश, दप्तर धरून उठायचं पावणेसहाला. किमान आठ तास हवेत, तर पावणेदहाला गाढ झोप लागलेली हवी. क्लास सुटतो साडेआठ-नऊला, जेवायला साडेनऊ, गृहपाठ त्यानंतर. शरीरातली दवंडी अकराच्या सुमाराला. उत्तर साडेसहा तास आणि काही मिनिटं, तेही पोर गुणी असेल तर.

कार्सकॅडन यांचाच १९९८ मधला एक अभ्यास वाचताना मला ती घसरलेली ‘क्ष’ची शेपटी आठवली. नववीतून दहावीत जाताना ज्यांची शाळा आठ-पंचवीसवरून सात-वीसला आली, अशी मुलं त्यांनी तपासली. सकाळी शाळेच्या वेळेत त्यांना अंधाऱ्या खोलीत पडायला सांगितलं, तर जवळजवळ निम्मी मुलं काही मिनिटांत झोपून थेट स्वप्नांच्या झोपेत शिरली. एरवी झोप लागल्यावर त्या टप्प्याला पोचायला तासा-दीड तासाचा वेळ लागतो. इतक्या चटकन तिथे जाणं हे नार्कोलेप्सी नावाच्या आजाराचं लक्षण मानतात. मुलं आजारी नव्हती. त्यांच्या मेंदूत अजून रात्र चालू होती, एवढंच. आपण पहिला तास घेतो म्हणजे मध्यरात्र उलटल्यावर मुलांना उठवून वर्गसमीकरणं विचारतो!

हा उशीर कधी थांबतो? जर्मनीतले टिल रोनेनबर्ग यांनी हजारो लोकांच्या झोपण्या-उठण्याच्या वेळा गोळा केल्या. सुट्टीच्या दिवशी माणूस मनाजोगता झोपतो, ती वेळ वयागणिक मांडली तर आलेख विशीपर्यंत वर चढतो आणि मग वळतो. मुलींत साडेएकोणीसच्या सुमाराला, मुलांत जवळजवळ एकविसाव्या वर्षी. त्यांनी हा वळणबिंदू म्हणजेच पौगंडावस्थेचा शेवट धरावा असं सुचवलं. मला ते आवडलं. मिशा, मतदान, लायसन यांपेक्षा बरी खूण आहे. ‘आता हा स्वतःहून लवकर उठायला लागलाय, सुधारला’ असं आया म्हणतात, तेव्हा त्या बहुतेक याच वळणाबद्दल बोलत असतात.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे, आणि तो नकाशातला आहे. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर ठरते. मुंबई त्र्याहत्तर अंशांच्या जरा अलीकडे, म्हणजे त्या रेषेच्या बरीच पश्चिमेला. एका अंशाला चार मिनिटं या हिशेबाने मुंबईचा सूर्य घड्याळाच्या ३९ मिनिटं मागे चालतो. जुन्या मुंबईकरांना हे ठाऊक होतं. १९०६ मध्ये देशभर प्रमाणवेळ आली तरी शहरात आपली वेगळी ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत टिकून होती, आणि दोन्हींतलं अंतर बरोबर ३९ मिनिटांचंच. जानेवारीच्या मध्यावर मुंबईत सूर्य सव्वासातच्या सुमाराला उगवतो, नागपुरात त्याच्या वीसेक मिनिटं आधी. म्हणजे सात-दहाचा तास मुंबई-ठाण्याकडे खरोखरच सूर्योदयापूर्वीचा. ब्राह्ममुहूर्तावर उठा म्हणणारे आजोबा तो मुहूर्त सूर्योदयापासून मागे मोजतात, सरकारी घड्याळावरून नव्हे, हे जाता जाता लक्षात ठेवायला हरकत नाही.

सकाळचा उशीर एक वेळ परवडला. खरी मेख संध्याकाळची आहे. पश्चिमेकडे सूर्य उशिरा मावळतो, मुलं उशिरा अंथरुणाला पाठ लावतात, पण शाळेची घंटा मात्र सूर्याला विचारत नाही. मौलिक जगनानी या अर्थशास्त्रज्ञाने भारतातल्या वेळवापराच्या पाहणीवरून दाखवलं की सूर्यास्त तासाभराने लांबला तर मुलांची झोप साधारण अर्ध्या तासाने घटते, आणि उशिरा सूर्यास्त होणाऱ्या भागांत मुलांचं शिक्षणही कमी होतं. गरीब घरांत हा तोटा जास्त. एका खोलीत सगळं घर झोपतं, शेवटचा माणूस जेवेपर्यंत दिवा मालवता येत नाही. चाळीत वाढलेल्याला हे समजायला पाहणी लागत नाही.

आता मोबाइल. त्याच्यावर खापर फोडायला मीही पुढे असायचो आणि तो निर्दोष आहे असं आजही म्हणणार नाही. पण ‘निळा उजेड’ हा शब्द जरा जास्तच फिरतो आहे. २०१५ मध्ये छापून आलेल्या एका गाजलेल्या प्रयोगात तरुणांना झोपण्यापूर्वी चार तास उजळ पडद्याच्या टॅबवर पुस्तक वाचायला दिलं आणि कागदी पुस्तकाशी तुलना केली. मेलाटोनिनची वेळ दुसऱ्या दिवशी दीड तासाने सरकली खरी, पण झोप लागायला उशीर झाला तो सरासरी दहाएक मिनिटांचा. दहा मिनिटांसाठी एवढा गहजब नको. मोबाइल झोप खातो तो उजेडापेक्षा त्यातल्या ऐवजाने. ‘हा एकच रील’ संपत नाही आणि ग्रुपवर कोणीतरी जागं असतंच. झोप न येणाऱ्या वयात हातात हे यंत्र आलं, म्हणून दीड तासाचा उशीर तीन तासांचा झाला. ज्या घरात फोन रात्री बैठकीत चार्जिंगला लागतो, तिथला उशीर निदान शरीराएवढाच राहतो.

आणि चहा. दहावीच्या वर्षी आई रात्री दहाला कपभर चहा करून देते ती मायेपोटीच. जागेपणी मेंदूत अॅडिनोसिन नावाचं द्रव्य साठतं, झोपेचा दाब बराचसा त्याचाच. कॅफिन त्याच्या जागा अडवून बसतं, दाब कमी करत नाही, फक्त कळू देत नाही. घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मं शरीराबाहेर जायला पाचेक तास लागतात. दहाचा कप पहाटे तीनलाही अर्धा उरलेला असतो. कॉलेजची मुलं डब्यातली ‘एनर्जी’ पेयं पितात, त्यावर मुलांसाठी योग्य नाही अशी सूचना बारीक अक्षरांत छापलेली असते. ती वाचायला डोळे ताजे हवेत.

झोपेची ही उधारी शरीर कुठे वसूल करतं? वाढीचं संप्रेरक मोठ्या प्रमाणात रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेत स्रवतं. दिवसभरात शिकलेलं पक्कं होण्याचं कामही झोपेतच चालतं. पाठांतर करून जागरण करणं म्हणजे वहीत लिहून शाई वाळायच्या आत पान मिटणं. भुकेचंही तेच. शिकागोत २००४ मध्ये बारा निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं, तर पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरलं आणि भूक चाळवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढलं. मधल्या सुट्टीत शाळेबाहेरच्या गाडीवर वडापावसाठी उडणाऱ्या झुंबडीकडे मी तेव्हापासून वेगळ्या नजरेने बघतो. सकाळी सहाला पोटात काही जात नाही, दहाला मात्र तळलेलंच हवं असतं.

अपघातांचं तर फारसं कोणाच्या मनातही येत नाही. अमेरिकेत केंटकी राज्यातल्या एका जिल्ह्याने १९९८ मध्ये शाळा तासाभराने पुढे नेली. पुढच्या दोन वर्षांत तिथल्या सतरा-अठरा वर्षांच्या चालकांचे अपघात १६.५ टक्क्यांनी घटले, त्याच काळात उरलेल्या राज्यात ते ७.८ टक्क्यांनी वाढले. आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या क्लासला स्कूटरवर तिघं बसून जाणारी अकरावीची पोरं बघितली की मला हाच आकडा आठवतो. त्यांच्या हेल्मेटबद्दल आपण बोलतो, झोपेबद्दल नाही.

उपाय उघड आहे आणि काही ठिकाणी करूनही झाला आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ मध्ये सांगितलं की मोठ्या मुलांची शाळा साडेआठच्या आधी भरू नये. सिअॅटल शहराने २०१६ मध्ये वेळ सात-पन्नासवरून पावणेनऊवर नेली. मुलं त्या मानाने उशिरा झोपतील, फायदा शून्य, अशी शंका होती. मनगटावर यंत्रं बांधून मोजलं तर झोप ६ तास ५० मिनिटांवरून ७ तास २४ मिनिटांवर गेली. चौतीस मिनिटं. आकडा छोटा दिसतो, पण एवढी झोप वाढवणारं दुसरं काही मला तरी सापडलेलं नाही. कॅलिफोर्नियाने तर कायदाच केला आणि १ जुलै २०२२ पासून तो लागू झाला. फ्लोरिडानेही २०२३ मध्ये तसाच कायदा केला, पण बस आणि पैशांची गणितं जमेनात म्हणून २०२५ मध्ये, अंमल सुरू व्हायच्या आधीच, ती सक्ती सैल केली.

महाराष्ट्रातही घड्याळ हललं. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांना पुरेशी झोप मिळावी म्हणून शाळांच्या वेळा बदलण्याचा विचार व्हावा असं जाहीर कार्यक्रमात म्हटलं, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाचा आदेश निघाला: पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत. हेतू चांगला. लहानग्यांना झोप हवीच. पण ओळ चौथीवर थांबली. ज्यांचं शरीर साडेआठला झोपायला तयार असतं त्यांना सकाळ मिळाली. ज्यांचं शरीर अकराच्या आधी झोपूच देत नाही ते पाचवी ते दहावीवाले आदेशाच्या बाहेर राहिले.

बाहेर राहिले एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. शहरातल्या शाळांची इमारत एक आणि सत्रं दोन. सकाळची शाळा आपल्याकडे मुळात जागेच्या टंचाईतून आली. जिल्हा परिषदेच्या शाळा पूर्वीपासून साडेदहा-अकराला भरतात आणि सकाळची शाळा म्हटलं की तिथल्या मुलांना शनिवार किंवा एप्रिलचा उन्हाळा आठवतो. दोन सत्रांच्या इमारतीत धाकट्यांना नऊच्या पुढे ढकललं की सकाळ सातचे वर्ग रिकामे राहतात, आणि ते भरायला उरतात ते मोठेच. बसवाल्यांनी तेव्हा गर्दी आणि फेऱ्यांची तक्रार केली, मुख्याध्यापकांनी वर्गखोल्यांची. दोघांचीही अडचण खरी आहे. मी वेळापत्रकाच्या समितीवर अनेक वर्षं काढली आहेत. एक तास हलवला तर काय काय कोसळतं ते मला माहीत आहे. पण कोणाला सकाळी बोलवायचं, एवढा एक निर्णय तर शाळेच्या हातात असतो, आणि तो घेताना आजवर ‘मोठी आहेत, उठतील’ यापलीकडे युक्तिवाद मी ऐकला नाही. मीही तोच करत आलो.

गंमत म्हणजे ज्या परीक्षेसाठी हे सगळं चालतं, त्या दहावीच्या बोर्डाचा सकाळचा पेपर अकराला सुरू होतो. वर्षभर सातला शिकवायचं आणि परीक्षा अकराला घ्यायची! बोर्डाने शरीरशास्त्राचा विचार करून ही वेळ ठेवली असेल असं मला वाटत नाही, पण नकळत बरोबर ठेवली आहे.

घड्याळ बदलेल तेव्हा बदलेल. तोवर घरात करण्यासारखं थोडंच आहे. रविवारी बारापर्यंत झोपू दिलं तर उधारी थोडी फिटते, पण घड्याळ आणखी मागे सरकतं आणि सोमवारची सकाळ विमानाने परदेशातून आल्यासारखी जाते; रोनेनबर्ग यांनी याला ‘सामाजिक जेटलॅग’ असं नाव दिलं आहे. तास-दीड तास जास्त, त्यापुढे नको. उठल्यावर गॅलरीत उजेडात दहा मिनिटं उभं करणं हे चहापेक्षा बरं, उजाडलं असेल तर. दुपारी शाळेतून आल्यावर वीस-पंचवीस मिनिटांची डुलकी चालते. पाच ते सात झोप काढली तर रात्र गेलीच म्हणून समजा. आणि क्लास नऊला सुटत असेल तर तो साडेसातला सुटणारा आहे का, हे फी भरण्याआधी विचारता येतं.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन भावंडं आहेत, ताई नववीत, भाऊ तिसरीत. दोघं एकाच शाळेत. आदेशानंतर त्याचा वर्ग दुपारच्या सत्रात गेला आणि तिचा सकाळच्या. परवा दूध घ्यायला सहाला खाली उतरलो तेव्हा ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून बूट घालत होती, मोबाइलची बॅटरी दातांत धरून. म्हटलं, घरात दिवा लावून घालायचे ना. तर म्हणाली, “नको काका, दिवा लावला की पिंट्या उठतो. आई म्हणते, त्याची झोप मोडायची नाही.” एका पायात बूट चढवला, दुसरा हातात तसाच राहिला आणि डोकं कठड्याला टेकलं. हॉर्न वाजेपर्यंत चार मिनिटं होती. मी तिला उठवलं नाही.